पैसा जनतेचा, पेटंट कोणाचे?

३ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते एका निधीचा शुभारंभ झाला. संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठी एक लाख कोटी रुपये! विज्ञानावर पैसा खर्च करीत नाहीत म्हणून ज्या सरकारांना आजवर बोल लावला गेला, त्यांतील एकाने अखेर थैली मोकळी केली, असा अर्थ सामान्य वाचकाने काढला असल्यास त्याला दोष देता येणार नाही. तथापि योजनेचा तपशील वाचू लागले म्हणजे निराळेच चित्र उभे राहते. हा पैसा विद्यापीठांना किंवा सरकारी प्रयोगशाळांना द्यावयाचा नाही. तो मुख्यतः खाजगी उद्योगांना अत्यल्प अथवा शून्य व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जांच्या रूपाने, आणि नवोदित कंपन्यांत भागभांडवल म्हणून, द्यावयाचा आहे. शिवाय सरकार तो स्वतः वाटणार नाही. एका विशेष निधीतून तो दुसऱ्या पायरीवरील निधी-व्यवस्थापकांच्या हाती जाईल, आणि कोणता प्रकल्प योग्य, कोणता अयोग्य, याचा निवाडा तेथे होईल. पीककर्जासाठी सात-बारा, जामीन आणि सोसायटीच्या सचिवाची मर्जी यांच्या मागे धावणाऱ्या शेतकऱ्याला बिनव्याजी कर्जाची ही कथा परीकथेसारखी वाटेल!

या योजनेमागचा सरकारी युक्तिवाद काय आहे, हे प्रथम प्रामाणिकपणे समजून घेतले पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. २०२०-२१ मध्ये या देशाने संशोधनावर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के, खर्च केले. दक्षिण कोरियात हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असून चीन अडीच टक्क्यांच्या घरात पोहोचला आहे. त्या देशांत संशोधनखर्चाचा मोठा हिस्सा उद्योगधंदे उचलतात, तर भारतात खाजगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के आहे. सबब भांडवलदार स्वतःहून खर्च करीत नाही, तर त्याला स्वस्त पैसा देऊन प्रवृत्त करावे, असे हे तर्कशास्त्र आहे.

परंतु हा प्रयोग या देशात पूर्वी झालेला आहे, आणि त्याचा निकालही लागलेला आहे. २०१०-११ पासून २०१६-१७ पर्यंत आपल्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या कंपनीला प्राप्तिकरात दुप्पट वजावट मिळत होती. कंपनीने शंभर रुपये संशोधनावर खर्चावेत आणि करपात्र नफ्यातून दोनशे रुपये वजा करावेत, असा तो उदार हिशोब होता. पुढे ही सवलत दीडपट झाली आणि २०२० मध्ये संपली. या काळात करांच्या रूपाने जनतेने आपला वाटा दिला. उद्योगपतींनी काय दिले? २००८-०९ च्या सुमारास राष्ट्रीय उत्पन्नाशी संशोधनखर्चाचे जे प्रमाण ०.८ टक्क्यांच्या थोडे वर होते, ते वाढण्याऐवजी घसरत ०.६४ वर आले. २००३ च्या विज्ञान धोरणाने दोन टक्क्यांचे वचन दिले होते. २०१३ च्या धोरणाने तेच वचन पुन्हा दिले, आणि खाजगी क्षेत्र आपला वाटा वाढवील हे त्यात गृहीत धरले. त्या गृहीतकाचे काय झाले, याची जाहीर चौकशी कोणी केली नाही. आता त्याच गृहीतकावर एक लाख कोटींची इमारत उभारली जात आहे.

टक्केवारीचा हा वाद महत्त्वाचा आहे खरा, परंतु पुरोगामी मंडळीही बहुधा तेथेच थांबतात. ०.६४ चे दोन टक्के करा, एवढीच मागणी ठरावांतून फिरत राहते. सरकार विज्ञानाला पैसा देते तेव्हा ते दोन गोष्टी ठरवीत असते. शास्त्रज्ञाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावे ही पहिली, आणि सापडलेल्या उत्तरावर मालकी कोणाची ही दुसरी. या दोन गोष्टी ज्याच्या हाती, त्याच्या हाती धोरण. रक्कम किती हा प्रश्न त्यानंतरचा.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नांची उत्तरे काय दिली गेली, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. १९५४ साली शेजारच्या पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना होऊन सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. मार्च १९५८ मध्ये नेहरूंच्या सरकारने विज्ञानविषयक धोरणाचा ठराव संमत केला आणि विज्ञानाचे लाभ जनतेपर्यंत पोहोचविणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य मानले. ठराव पुष्कळ होतात. या ठरावामागे कारखाना होता, प्रयोगशाळा होती, आणि थोड्याच वर्षांत एक कायदाही आला.

त्या कायद्याची हकीकत कार्यकर्त्यांनी विसरू नये अशी आहे. पन्नाशीच्या दशकात ब्रिटिश अमदानीतील पेटंट कायदा चालू होता, आणि अनेक औषधांची पेटंटे परकीय कंपन्यांच्या मुठीत होती. खुद्द अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीला असे आढळले की, काही औषधांच्या भारतातील किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींत मोडतात. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये आपला अहवाल दिला. त्यावर दशकभर चर्वितचर्वण झाले, परकीय कंपन्यांनी विरोधाची पराकाष्ठा केली, आणि अखेर १९७० चा पेटंट कायदा संमत होऊन १९७२ मध्ये अंमलात आला. औषध या वस्तूवर पेटंट नाही, ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर मात्र, तेही फार तर सात वर्षे, असा त्याचा गाभा होता. म्हणजे तेच औषध निराळ्या मार्गाने तयार करून दाखविणाऱ्याला बाजार मोकळा झाला. आणि निराळा मार्ग शोधणे हे तर पाषाणच्या प्रयोगशाळेचे नित्याचे काम!

सार्वजनिक पैशाने पोसलेल्या या प्रयोगशाळांतून औषधनिर्मितीच्या पद्धती बाहेर पडू लागल्या, आणि देशी कंपन्यांनी त्या उचलल्या. डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी आधी पुण्यात आणि पुढे हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत जे काम केले, त्यातूनच एड्सवरील एझेडटी हे औषध स्वस्तात तयार करण्याची पद्धती सिप्ला या मुंबईच्या कंपनीकडे आली. फेब्रुवारी २००१ मध्ये याच सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचे मिश्रण रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले, तेव्हा जगाला धक्का बसला, कारण पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी दहा ते पंधरा हजार डॉलर घेत होत्या. आफ्रिकेतील लक्षावधी माणसे पुढील काळात जगली ती भारतीय औषधांवर. वृत्तपत्रांनी याचे श्रेय कंपनीच्या मालकाच्या धडाडीला दिले. ती धडाडी नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या पायाशी अर्धशतकाचा सार्वजनिक खर्च होता, आणि संसदेने पैशापुढे न झुकता केलेला एक कायदा होता.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी १ जानेवारी २००५ पासून औषधांवर वस्तूचे पेटंट पुन्हा आले. जुन्याच औषधात क्षुल्लक फेरफार करून नवे पेटंट मिळवता येऊ नये यासाठी कलम ३(ड) त्या वेळी डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे कायद्यात आले, आणि त्याच कलमाने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नोव्हार्टिसचा दावा अडवला, एवढे येथे नमूद करणे पुरे. पिंपरीचा कारखाना मात्र तोवर जर्जर झाला होता. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जमीन विकण्याचा आणि कारखान्याच्याही विक्रीचा निर्णय घेतला.

त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. सरकारी प्रयोगशाळांतील कित्येक पद्धती कपाटातच धूळ खात राहिल्या, सार्वजनिक कारखान्यांत दप्तरशाही बोकाळली, आणि संशोधनाचे प्रश्न ठरविणारे हात फारच थोडे होते. हा शेवटचा दोष सर्वांत खोल होता, आणि तो दाखवून देणारे दोन थोर शास्त्रज्ञ डाव्या विचारांचेच होते.

पहिले मेघनाद साहा. १९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसने नियोजन समिती नेमावी यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत साहा अग्रेसर होते. १९५२ साली ते कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. संशोधन विद्यापीठांतून उचलून सरकारी संस्थांत नेले, तर विद्यापीठे कोरडी पडतील आणि पुढची पिढी घडविणार कोण, असा त्यांचा सवाल होता. अणुऊर्जेचा कारभार गोपनीयतेच्या पडद्याआड चालतो म्हणून त्यांनी मे १९५४ मध्ये लोकसभेत त्यावर चर्चा घडवून आणली. नेहरूंनी ऐकून घेतले आणि होमी भाभांच्याच मार्गाने ते पुढे गेले. साहांची भीती किती खरी ठरली, याची साक्ष सरकारी आकडेच देतात. २०२०-२१ मधील एकूण संशोधनखर्चात उच्च शिक्षणक्षेत्राचा वाटा नऊ टक्क्यांहूनही कमी होता.

दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहणारे आणि डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ये-जा करणारे हे गणिती ज्या संस्थेत काम करीत, तिचे प्रमुख खुद्द भाभाच होते. तरीही भारतासारख्या उष्ण, गरीब आणि खेड्यापाड्यांत विखुरलेल्या देशाने अणुभट्ट्यांवर पैसा ओतण्याऐवजी सूर्यशक्तीवर संशोधन करावे, असे ते उघडपणे मांडत राहिले. १९६० साली पुण्यातील एका व्याख्यानातही त्यांनी ते सांगितले. १९६२ मध्ये त्यांचा त्या संस्थेशी संबंध संपला. सूर्यशक्तीसाठी त्या काळात तुर्भ्याच्या खर्चाचा अल्पसा अंश जरी वेगळा काढला असता तर काय झाले असते, हे सांगणे आता कठीण. एवढे मात्र खरे की, गेल्या पंधरा वर्षांत देशभर ज्या सौरपट्ट्या बसल्या, त्यांतील घटांचा फार मोठा भाग चीनमधून आला. चीनच्या सरकारने तेथे पैसा घातला होता आणि प्रश्नही आपणच ठरवला होता.

आजही केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक खात्यांच्या संशोधनखर्चात एकट्या संरक्षण संशोधनाचा वाटा सुमारे तीस टक्के आहे, आणि वैद्यकीय संशोधन परिषदेचा तीन टक्क्यांच्या आसपास. क्षयाने सर्वाधिक माणसे जेथे मरतात त्या देशाचा हा अग्रक्रम! तो संसदेने कधी चर्चा करून ठरवला असे मात्र नव्हे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, मालकीकडे, वळावयास हवे. त्यासाठी कोविडच्या लशीसारखे बोलके उदाहरण नाही. कोव्हॅक्सिन लशीसाठी विषाणूचा वाण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केला आणि मे २०२० मध्ये तो हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीकडे सोपवला. प्राण्यांवरील आणि माणसांवरील चाचण्यांत वैद्यकीय संशोधन परिषद सहभागी होती. परिषदेने सुमारे ३५ कोटी रुपये खर्च केल्याचे सरकारने सांगितले. बदल्यात निव्वळ विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी ठरली, आणि जानेवारी २०२२ पर्यंत परिषदेला १७१ कोटींहून अधिक रुपये मिळाले. म्हणजे खजिन्याच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु लस ही खजिना भरण्यासाठी नसते. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने थैमान घातले होते, स्मशानांत रांगा लागल्या होत्या, आणि त्याच सुमारास या कंपनीने आपले दर जाहीर केले. केंद्र सरकारला जी मात्रा १५० रुपयांस मिळत होती, ती राज्य सरकारांना ६०० आणि खाजगी रुग्णालयांना १२०० रुपये. चहूबाजूंनी टीका झाल्यावर राज्यांचा दर ४०० वर आला. सरकारी संस्थेच्या वाणातून तयार झालेली लस राज्य सरकारांना कोणत्या दराने मिळावी, हे कंपनी ठरवीत होती. करारात रॉयल्टीचे कलम होते, देशाला प्रथम पुरवठा करण्याचे होते, खोक्यावर पुण्याच्या संस्थेचे नाव छापण्याचेही होते. भावाला लगाम घालणारे कलम असल्याचे त्या वेळी कोठेही दिसले नाही. आणि खोक्यावरचे ते नाव पेटंटच्या अर्जावर मात्र नव्हते! जून २०२४ मध्ये ही गोष्ट उघडकीस आली, तेव्हा चूक अनवधानाने झाली असे सांगून कंपनीने परिषदेचे नाव सहमालक म्हणून जोडण्याची व्यवस्था केली. अनवधान म्हटले तरी त्यातून एक गोष्ट उघड होते. जनतेच्या वतीने त्या अर्जावर नजर ठेवणारा कोणी सरकारी अधिकारी चार वर्षे जागा नव्हता.

याच कथेचा दुसरा धागा परळला जातो. १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी उभी राहिलेली आणि पुढे हाफकिन यांचे नाव लाभलेली संस्था मुंबईकरांच्या परिचयाची आहे. तिच्याच आवारातील राज्य सरकारच्या लसनिर्मिती महामंडळाला कोव्हॅक्सिन तयार करण्याची अनुमती मिळाली ती एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे चिता पेटल्यानंतर. केंद्राने ६५ कोटी आणि राज्याने ९४ कोटी रुपये मंजूर केले. परंतु असा कारखाना काही आठवड्यांत उभा राहत नाही, आणि दुसरी लाट ओसरेपर्यंत परळमधून त्या लशीची एकही कुपी बाहेर पडली नाही. सार्वजनिक लसनिर्मितीची उपेक्षा काही कोविडच्या वर्षात सुरू झाली नव्हती. जानेवारी २००८ मध्ये कसौली, चेन्नई आणि कुन्नूर येथील तिन्ही सरकारी लसकारखान्यांचे परवाने केंद्रानेच स्थगित केले होते. यंत्रसामग्री जुनी आहे हे कारण खोटे नव्हते. पण ती नवी करण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांनीच ती जुनी झाल्याचा ठपका ठेवावा, हा न्याय अजब म्हटला पाहिजे.

सार्वजनिक पैशातून निघालेल्या शोधाचे पेटंट संशोधन करणाऱ्या संस्थेला वा कंपनीला घेऊ द्यावे, ही कल्पना मूळची अमेरिकेची, १९८० च्या बे-डोल कायद्याची. तेथेही शोधाचा लाभ जनतेस मिळत नसल्यास हस्तक्षेपाचा अधिकार शासनाने राखून ठेवला आहे. चार दशकांत तो एकदाही वापरला गेला नाही. भारतात याच धर्तीचे विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत आले होते. त्यावर कडाडून टीका झाली आणि अखेर ते मागे घेतले गेले. पण विधेयक मागे गेल्याने प्रश्न मिटला नाही, तो एकेका कराराच्या बंद लखोट्यात गेला. वास्तविक १९७० च्या कायद्यात शासनाला जनहितार्थ पेटंट वापरण्याचा अधिकार आहे, सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. ती एकदाच, मार्च २०१२ मध्ये, मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी वापरली. बायरच्या कर्करोगावरील ज्या औषधाला महिना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत होते, ते नॅटको कंपनीस ८,८८० रुपयांत विकण्याचा परवाना त्यांनी दिला.

म्हणून एक लाख कोटींच्या निधीविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो अटींचा. यातून कर्ज घेणाऱ्या प्रत्येक कंपनीशी झालेला करार संसदेच्या पटलावर ठेवला जाणार काय? जनतेच्या पैशाने तयार झालेले औषध, बियाणे वा यंत्र ठरावीक भावाच्या वर विकता येणार नाही, आणि आणीबाणीच्या प्रसंगी ते तयार करण्याचा परवाना परळसारख्या सार्वजनिक कारखान्याला आपोआप मिळेल, असे कलम त्यांत असणार काय? प्रकल्प फसला तर बुडीत रक्कम जनतेची. मग तो यशस्वी झाल्यास नफ्यातील आणि पेटंटातील हिस्सा कोणाचा? निधी-व्यवस्थापक हे गुंतवणुकीचे जाणकार असतील, पण आदिवासी पाड्यावरील सर्पदंश किंवा कोरडवाहू तूर यांत त्यांना परतावा दिसणार नाही. दिसलाच पाहिजे असेही नाही. तो त्यांचा धंदाच नव्हे. म्हणूनच असे प्रश्न ठरविण्याचे काम त्यांच्याकडे सोपवता येत नाही.

मूलभूत संशोधनाची बाजू अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान सांभाळील, असे उत्तर मिळते. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये सांगितले गेले. त्यांतील सरकारचे १४ हजार कोटी, आणि उरलेले ३६ हजार कोटी मुख्यतः उद्योग व देणगीदार यांच्याकडून यावयाचे आहेत. दुप्पट करवजावट मिळूनही ज्यांनी हात सैल सोडला नाही, ते आता देणग्या देतील ही आशा कशाच्या बळावर, हे कळावयास मार्ग नाही. नियामक मंडळाचे अध्यक्ष खुद्द पंतप्रधान. शास्त्रज्ञाने प्रश्न निवडावयाचा आणि राज्यकर्त्याने त्याला स्वातंत्र्य द्यावयाचे, ही रीत अशा रचनेत कितपत टिकेल?

ज्याच्या खांद्यावर हे सारे उभे आहे त्या तरुण संशोधकाची स्थिती काय? जुलै २०२२ पासून सार्वजनिक संस्थांच्या वैज्ञानिक उपकरणांवरील वस्तू-सेवा कराची सवलत गेली, आणि पाच टक्क्यांचा कर अठरा टक्के झाला. म्हणजे सरकारने एका हाताने अनुदान द्यावे आणि दुसऱ्या हाताने त्यातलेच परत घ्यावे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना २०२३-२४ मध्ये पूर्ण अधिछात्रवृत्तीसाठी आंदोलने करावी लागली. हे विद्यार्थी ज्या समाजांतून येतात, त्यांच्या घरात प्रयोगशाळेची पायरी चढणारी ही बहुधा पहिलीच पिढी आहे. त्यांच्यासाठी निधी-व्यवस्थापक नेमलेला नाही, शून्य व्याजाचे कर्जही नाही.

१९८३, २००३ आणि २०१३ ची धोरणे ज्या व्यासपीठावरून जाहीर झाली, ती भारतीय विज्ञान काँग्रेस जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला भरली होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राच्या विज्ञान खात्याने आर्थिक गैरव्यवहाराचे कारण देऊन तिचा आधार काढून घेतला, आणि २०२४ मध्ये ती भरली नाही, २०२५ मध्येही नाही. तिच्यात बाष्कळ भाषणेही होत, हे खरे. पण जिल्ह्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापक तेथे आपला निबंध वाचू शकत असे, आणि पंतप्रधानांना त्याच मांडवात येऊन बोलावे लागे. दिल्लीच्या ज्या नव्या परिषदेत एक लाख कोटींचा निधी जाहीर झाला, तेथील बोलावणे सरकारच्या हाती आहे.